पंचवीस मुलांमागे एक पंतोजी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण धाडले, तेव्हा आम्ही बोनस, महागाई भत्ता किंवा कामगार कायदा यांपैकी एखाद्या विषयावर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही 'यहुदी मुलांचा धार्मिक वर्ग' हा विषय कळविला. त्यावर चिटणिसांनी पुन्हा पत्र लिहून, उत्तर आमचेच ना, याची खात्री करून घेतली. उत्तर आमचेच होते. हा विषय आमच्या धंद्यातलाच आहे, हे तासाभरात आपल्या ध्यानात येईल अशी उमेद आहे.

प्रथम आमची पात्रता सांगतो. ती फारशी नाही. आमचे वडील मुंबईस गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या वर्षी आम्ही बारा वर्षांचे होतो. म्युनिसिपालिटीच्या शाळेतली सातवी त्या उन्हाळ्यात पुरी झाली. पुढे हायस्कूलची फी होती, वह्यापुस्तके होती, आणि घरात पगार नव्हता. आम्ही एका कारखान्यात झाडलोट करावयास लागलो. नंतर जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांवर आणि लोकांनी वाचावयास दिलेल्या पुस्तकांवर. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. बापाचा पगार थांबला म्हणून पोराची शाळा का थांबावी? हा भार एकट्या बापाच्याच डोक्यावर का?

त्या कारखान्यात एक बेने इस्राएल फिटर होते. गाव अलिबागेकडचे, मराठी आमच्याहून चोख. एके दिवशी डब्याच्या सुटीत त्यांनी एका लोखंडी पत्र्यावर खडूने दोन अक्षरे काढली आणि आम्हांस जवळ बोलाविले.

"हे गिमेल आणि हे दालेत. आमच्या बाराखडीतलं तिसरं आणि चौथं. बघ रे, गिमेलचा पाय कुणीकडे चाललाय?"

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. गिमेलचा पाय पुढच्या अक्षराकडे, म्हणजे दालेतकडे टाकलेला दिसत होता. ते म्हणाले, गिमेल म्हणजे देणारा आणि दालेत म्हणजे गरीब. देणाऱ्याने आपल्या पायांनी गरिबाकडे जावयाचे असते. मग दालेतचे तोंड पलीकडे का? तर कोणी दिले हे त्याला दिसू नये आणि त्याला शरम वाटू नये म्हणून. लहानपणी संध्याकाळच्या वर्गात आपण हे शिकलो, असे त्यांनी सांगितले. हा वर्ग मशिदीत भरे. बेने इस्राएल लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत.

पुढे अनेक वर्षांनी तालमूदचे भाषांतर हाती आले. तालमूद म्हणजे यहुदी लोकांच्या शास्त्रार्थाचा अफाट संग्रह. त्यात ही गिमेल-दालेतची गोष्ट आम्हांस सापडली. नवल असे की, तेथे हा अर्थ कोणा पंडिताच्या नावावर नाही. लहान मुले पाठशाळेत आली आणि त्यांनी अक्षरांचे असे अर्थ लावले, पूर्वी कोणास सुचले नव्हते असे लावले, म्हणून मोठ्या माणसांनी ते टिपून ठेवले, अशी नोंद आहे. त्याच ठिकाणी आणखी एक खेळ आहे. हिब्रूत असत्याला 'शेकेर' म्हणतात. त्याची तिन्ही अक्षरे वर्णमालेच्या शेवटी एकमेकांस चिकटून आहेत. सत्याला 'एमेत' म्हणतात. त्याचे एक अक्षर वर्णमालेत पहिले, एक मधल्या भागातले आणि एक अगदी शेवटचे. म्हणजे खोटे एकाच जागी गर्दी करून भेटते, खऱ्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागते. शिवाय खोट्याची अक्षरे एका पायावर उभी, खऱ्याची पक्क्या बैठकीवर! बावीस अक्षरे घोकताना मुलांच्या हाती जणू सारी नीतीच येत असे. हे वाचल्यावर असा वर्ग चालविणाऱ्या लोकांची माहिती काढावी असे आम्हांस वाटू लागले.

आता इतिहासाकडे वळू. पूर्वी मुलास शिकविणे हे बापाचे कर्तव्य मानीत. तालमूद सरळ सांगते की, यामुळे ज्याला बाप होता तो शिकला, ज्याला नव्हता तो राहिला. मग यरुशलेमेत शिक्षक नेमले. पण तेथेही ज्याचा बाप घेऊन येई तोच पोहोचे. पुढे प्रांतोप्रांती शिक्षक बसविले आणि सोळा-सतरा वर्षांची मुले त्यांच्याकडे धाडली. ती इतकी मोठी की, गुरुजी रागावले म्हणजे मुलगा पाय आपटीत निघून जाई. अखेर यहोशुआ बेन गामला या मुख्य पुरोहिताने नियम केला की, प्रत्येक प्रांतात आणि प्रत्येक गावात बालशिक्षक असावा आणि मुले सहा-सात वर्षांची असतानाच वर्गात बसवावीत. या बेन गामलाचा काळ इ. स. ६४ च्या सुमाराचा. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमेचे मंदिर जाळले. राज्य यापूर्वीच गेले होते, आता मंदिरही गेले. गावोगावचा वर्ग मात्र उरला.

श्रोते हो, वर्ग असावा म्हणणे सोपे आहे. त्याचा हिशेब बसविणे अवघड, आणि आमच्यासारख्या युनियनवाल्याचे लक्ष तिकडेच जावयाचे. तालमूदमध्ये राव नावाच्या शास्त्र्याचा हिशेब दिला आहे. राव नव्हे, रावा. राव हे दुसरे, त्यांच्याविषयी पुढे येईलच. रावा म्हणतो, एका शिक्षकामागे पंचवीस मुले. पन्नास झाली तर दोन शिक्षक नेमावेत. चाळीस असतील तर शिक्षकास एक मदतनीस द्यावा आणि त्याच्या वेतनास गावाने हातभार लावावा. कामाचा बोजा मोजून माणसे नेमावीत ही मागणी आम्ही कारखान्याच्या दारात आजही करतो. ही माणसे ती दीड हजार वर्षांपूर्वी वर्गाच्या दारात करीत होती. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले, ते तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

आणखी नियम पाहा. मुलास रोज परगावी धाडू नये. वाटेत नदी असेल आणि तीवर भक्कम पूल नसेल तर पलीकडच्या वर्गात पाठवू नये. मंदिर बांधण्याचे काम निघाले तरी त्यासाठी मुलांचा वर्ग बंद ठेवू नये. बाराव्या शतकात मैमोनिदेस या थोर पंडिताने ईजिप्तमध्ये सारा धर्मशास्त्राचा पसारा एका ग्रंथात लावून दिला, त्यात त्याने पंचवीसचा आकडा पुन्हा लिहिला आणि वर असेही लिहिले की, ज्या गावात मुलांचा शिक्षक नाही त्या गावावर, तो नेमीपर्यंत, बहिष्कार घालावा. दंड पोरास नव्हे, बापास नव्हे, सबंध गावास!

वर्गाच्या आत काय चाले? मध्ययुगात जर्मनीकडच्या यहुदी वस्त्यांत पहिला दिवस मोठ्या थाटाचा असे. शाव्हुओत सणाच्या सकाळी पाच-सहा वर्षांच्या मुलास प्रार्थनेच्या शालीत गुंडाळून शिक्षकाकडे नेत. शिक्षक त्याला मांडीवर घेई, पाटीवरची अक्षरे म्हणून दाखवी, मूल मागून म्हणे. मग अक्षरांना मध लावीत आणि मूल तो चाटून टाकी. मधात मळलेली पोळी आणि उकडलेले अंडेही देत, दोहोंवर शास्त्रवचने लिहिलेली. बाराव्या-तेराव्या शतकांतील वर्म्सच्या एलाझार या पंडिताने हा विधी लिहून ठेविला आहे. आपल्याकडे तांदळावर 'श्रीगणेशा' गिरविणाऱ्या मुलाची आठवण येथे कोणासही व्हावी. पोलंडकडे आणखी गंमत. मूल पहिले अक्षर म्हणू लागले की, कोणीतरी मागून हळूच वरून पानावर नाणे टाकी आणि देवदूताने टाकले असे सांगे.

मधाचा दिवस संपला की खरा अभ्यास सुरू होई. प्रथम अक्षरे, मग अक्षराखालच्या स्वरखुणा, मग शब्द. वाचन नेहमी मोठ्याने, चालीवर. बायबलचा आरंभ सृष्टीच्या गोष्टीने होतो, पण मुलांचा आरंभ तेथून करीत नसत. तो लेवीय नामक तिसऱ्या पुस्तकापासून करीत. त्यात यज्ञ आणि शुद्धी यांचे नियम आहेत. मुले निर्मळ, त्यांनी निर्मळ गोष्टींपासून सुरुवात करावी, असा त्यामागचा विचार. पुढे एकेक हिब्रू शब्द घेऊन त्याचा घरच्या बोलीतला अर्थ लगोलग म्हणावयाचा: पोलंड-रशियात यिद्दिश, ईजिप्तमध्ये अरबी, आणि कोकणात मराठी.

सणवार म्हणजे वर्गाचाच विस्तार. हनुक्काच्या दिवसांत चार अक्षरे कोरलेला भोवरा फिरवावयाचा. पुरीम सणात गोष्ट वाचताना दुष्ट हामानाचे नाव आले की, खुळखुळे वाजवून ते बुडवावयाचे. आणि ईजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा जो पेसाह सण, त्याच्या जेवणाचा आरंभच सर्वांत धाकट्या मुलाने करावयाचा. आज जेवणाची रीत निराळी का, असे त्याने विचारल्यावाचून मोठ्यांनी गोष्ट सांगू नये. वर्गात आठवडेच्या आठवडे या प्रश्नांची तयारी चाले. आपले पूर्वज वेठबिगार होते, ही गोष्ट दर वर्षी मुलाने विचारावी आणि बापाने लाज न बाळगता सांगावी, हा पाठ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

शिक्षा होती काय? होती. पण राव नावाच्या शास्त्र्याने शिक्षकास बजावले आहे की, मारणे भागच पडले तर जोड्याच्या बंदाने मारावे, त्याहून जड वस्तूने नव्हे. आणि ज्याला येत नाही त्याला हाकलू नये. त्याने इतरांच्या सोबतीने बसून राहावे. याच रावाची एक कथा आहे. एका गावी अवर्षण पडले. रावाने उपास करविला, पाऊस आला नाही. मग एक साधा माणूस प्रार्थना म्हणावयास उभा राहिला. त्याने वाऱ्याचे नाव घेताच वारा सुटला, पावसाचे नाव घेताच पाऊस आला. रावाने विचारले, तुझे पुण्य तरी कोणते? तो म्हणाला, मी मुलांचा शिक्षक आहे. श्रीमंताचे पोर जसे शिकवितो तसेच गरिबाचे. ज्याच्याने देववत नाही त्याच्याकडून काही घेत नाही. माझे मासळीचे एक तळे आहे. जे पोर अभ्यासाला कंटाळते त्याला मासे देतो, चुचकारतो, मग ते येऊन वाचू लागते. कोकणातल्या मंडळींस या उपायाची खात्री वेगळी पटवून द्यावयास नको.

आता नियम आणि कथा बाजूस ठेवून प्रत्यक्ष व्यवहार पाहू. जुन्या कैरोत फुस्तात नावाची वस्ती आहे. तेथील बेन एझ्रा सिनेगॉगात निरुपयोगी झालेले हिब्रू कागद शतकानुशतके एका कोठीत टाकीत, कारण देवाचे नाव असलेला कागद नष्ट करावयाचा नाही. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या विद्वानाने त्यांतील जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत मुलांची अक्षरपुस्तके आहेत, रंगीत ठळक अक्षरांची. मुलांनी गिरविलेले कागद आहेत. आणि गावाने अनाथ व गरीब मुलांसाठी शिक्षकास दिलेल्या पैशांचे हिशेब आहेत. आम्हांस ग्रंथांतल्या उपदेशापेक्षा हे हिशेब अधिक बोलके वाटतात. उपदेश कोणीही करतो, वहीत खर्च पडला म्हणजे ती गोष्ट खरी. येमेन देशात पुस्तकांचीच टंचाई. तेथे एका पुस्तकाभोवती चारी बाजूंनी मुले बसत, म्हणून कित्येकांस पुस्तक उलटे किंवा आडवे धरूनही घडाघडा वाचता येई.

पूर्व युरोपातील वर्गाचे नाव 'हेदर'. हेदर म्हणजे खोली, आणि ती खरोखर पंतोजीच्याच घरातली एक खोली असे. एका कोपऱ्यात चूल, पाळण्यात त्याचे मूल आणि लांब मेजाभोवती विद्यार्थी. पंतोजीस 'मेलामेद' म्हणत. त्याच्या हाताखालचा पोरगा सकाळी घरोघर फिरून लहानग्यांस गोळा करी, चिखलातून खांद्यावर बसवून आणी. वर्ग सकाळपासून अंधार पडेपर्यंत. हिवाळ्यात मुले कागदी कंदील घेऊन घरी परतत. गुरुवारी आठवड्याची उजळणी आणि शनिवारी बापापुढे परीक्षा.

हे चित्र गोड दिसते, पण आम्ही ते पुरे सांगितले पाहिजे. मेलामेदाची नेमणूक सहामाही असे. सण उलटले की पालक दुसरा पाहणार नाहीत याची शाश्वती नाही. आजचा कंत्राटी शिक्षक हे दु:ख ओळखील. दुसरा कोणताही धंदा न साधलेला माणूस अखेर मेलामेद होतो, अशी लोकांत थट्टा होती. उपाशी माणसाचा राग पोरांवर निघे. जोड्याच्या बंदाची मर्यादा पुष्कळ ठिकाणी कोणी पाळीत नसे. पंचवीसचा आकडाही नेहमी पाळला जाई असे नव्हे. गरीब आणि पोरक्या मुलांसाठी गावाच्या खर्चाने 'तालमूद तोरा' नावाची शाळा असे खरी, पण ऐपतवाले आपली मुले तेथे धाडीत नसत. म्हणजे दालेतचे तोंड झाकावयाचे ते उलट सगळ्या गावास दाखविले गेले.

आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे मुली. आम्ही इतका वेळ 'मुले' म्हणत आलो, त्यांतील बहुतेक ठिकाणी 'मुलगे' असेच समजावे. मुली घरी आईकडे किंवा शिक्षिकेकडे प्रार्थनेपुरते वाचावयास शिकत, पण शास्त्राभ्यासाचा वर्ग त्यांचा नव्हता. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८३८ साली रिबेका ग्रॅट्झ या बाईने रविवारची हिब्रू शाळा काढली, तीत मुलगे-मुली दोघेही येत आणि शिकविणाऱ्या स्त्रियाच होत्या. पूर्व युरोपात ही उणीव भरून काढली ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. सारा शेनीरेर तिचे नाव, गाव क्राकूव. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ती व्हिएन्नात आश्रयास गेली असता तेथे तिने स्त्रियांनाही उद्देशून दिलेले धर्मप्रवचन ऐकले. ज्या मुलींची झंपरे आपण मापाने शिवतो त्यांच्या मनास पांघरूण काय, हा विचार तिला सुटेना. १९१७ साली तिने आपल्या शिवणाच्या खोलीतच पंचवीस मुली घेऊन वर्ग सुरू केला. आकडा पुन्हा पंचवीस! १९३५ साली ती वारली, तोपर्यंत तिच्या 'बेस याकोव्ह' शाळांची संख्या दोनशेंच्या वर गेली होती. शिकविण्याचा अधिकार कोणी बहाल करावा याची वाट तिने पाहिली नाही. आधी वर्ग भरविला, मोठमोठ्या धर्मगुरूंचा पाठिंबा मागाहून आला.

हेदरात शिकलेली अक्षरे प्रार्थनेपुरती राहिली नाहीत. यिद्दिशची लिपी हिब्रूच. १८९७ साली व्हिल्ना शहरात 'बुंद' ही यहुदी कामगारांची संघटना गुप्तपणे स्थापन झाली. तिची चोरून छापलेली पत्रके शिंपी आणि ब्रश बनविणारे कामगार वाचू शकत, कारण मेलामेदाने त्यांच्याकडून अक्षरे घोकून घेतली होती. पुढे हेच कामगार पुढारी हेदरचे कडवे टीकाकार झाले. क्रांतीनंतर रशियात १९२१ साली व्हितेब्स्क येथे तर हेदरवर जाहीर खटलाच चालविला आणि हेदर बंद पाडले. आमचा कल कोणत्या बाजूस हे आपणांस ठाऊक आहे. तरीही आम्ही म्हणतो की, ज्या खोलीत आपण वाचावयास शिकलो ती सुधारावी, तिचे छप्पर नीट करावे, पंतोजीस पोटभर पगार द्यावा. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून पोरांचे काय भले झाले?

त्यानंतरचा काळ सांगताना जीभ जड होते. १९३९ मध्ये जर्मन सैन्याने पोलंड घेतले. वॉर्सात यहुदी मुलांच्या शाळा बंद करण्यात आल्या. तेव्हा घरांतून, तळघरांतून आणि मुलांना सूप वाटावयाच्या खानावळींतून गुप्त वर्ग चालले. आधी पोटात काहीतरी घालावयाचे, मग अक्षर. १९४२ च्या जुलैपासून तेथील माणसे आगगाड्यांत कोंबून त्रेब्लिंकास नेली आणि ठार मारली. त्यांत ती मुले होती आणि त्यांचे शिक्षकही होते.

आता आपल्या फिटरबाबांच्या मुलखाकडे येऊ. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. सुंता, शनिवार आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले होते. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक येऊन शिकवू लागले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली चक्क मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी अक्षरे घेतली आणि धर्म मात्र आपलाच ठेवला! १८४६ साली मुंबईत पेसाहची 'हग्गादा' मराठी अर्थासह निघाली, १८७४ साली पुण्यास आणखी एक निघाली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १८८० पासून तर बेने इस्राएलांची कीर्तने सुरू झाली. आपल्या हरिदासांची पद्धत घेऊन त्यांनी योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लाविली आणि ज्यांना हिब्रू येत नव्हते त्या बायकामुलांपर्यंत तो वर्ग पोहोचविला. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलास गेली. कदूरी शाळा राहिली. तेथे नंतर मोठ्या संख्येने शिकली ती इतर धर्मांची, आसपासच्या मोहल्ल्यांतली मुले. ज्या गावात आपण राहतो त्या गावाचे पोर आपलेच, या जुन्या नियमाला हे धरूनच झाले.

असो. आम्ही आरंभी एक प्रश्न मांडला होता. त्याचे उत्तर या इतिहासात आहे असे आम्हांस वाटते. मूल बापाचे, पण त्याचे अक्षर गावाचे. ही गोष्ट ज्यांनी हिशेबाच्या वहीत लिहिली त्यांचा वर्ग राज्य गेल्यावरही चालला. जेथे ती विसरली गेली तेथे गरीब पोर, पोटार्थी पंतोजी आणि मुली बाहेर राहिल्या.

आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी कंत्राटी कामगारांच्या मुलांचा वर्ग भरतो. मुले साठ आहेत आणि शिकविणारी बाई एक. रावाच्या हिशेबाने आम्हांस आणखी दोन माणसे हवीत. आठवड्यातून दोन संध्याकाळ देणारा पेन्शनर चालेल, कॉलेजातली मुलगी चालेल, मासळीचे तळे असलेला कोणी भेटला तर उत्तमच. मुलांचे आईबाप आपल्या दाराशी मागावयास येणार नाहीत. दालेतचे तोंड पलीकडे असते, हे आम्हांस एका फिटरने पत्र्यावर खडूने काढून दाखविले आहे. पाऊल गिमेलनेच टाकावयाचे. कचेरी स्टँडच्या मागे आहे आणि वर्ग साडेसहाला सुरू होतो.